देवीला सोडलेल्या भगिनी : सुटकेनंतरची खडतर वाट

देवदासी प्रथा कायद्याने केव्हाच बंद झाली आहे, मग आज तिच्याविषयी पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कायदा प्रथा बंद करतो, परंतु त्या प्रथेत ज्यांचे बालपण संपले त्यांचे पुढचे आयुष्य त्यामुळे आपोआप उभे राहत नाही, हेच ते प्रयोजन होय. सांगली जिल्ह्यात, विशेषतः कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या मिरज आणि जत या तालुक्यांत, तसेच शेजारच्या कोल्हापूर व सोलापूर जिल्ह्यांत यल्लमा देवीला सोडलेल्या स्त्रिया आजही राहत आहेत. त्यांपैकी अनेक जणी आता उतारवयात आहेत. त्यांची मुले-नातवंडे शाळा-महाविद्यालयांत, कारखान्यांत आणि बाजारपेठांत आपल्या मुलांच्या बरोबरीने वावरत आहेत.

या भगिनींची सुटका कशी झाली याच्या कथा आपण ऐकतो. सुटकेनंतर काय होते याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. म्हणून या लेखात आम्ही त्या दुसऱ्या आणि अधिक लांब टप्प्याचा विचार करणार आहोत.

प्रथेचे स्वरूप

सौंदत्ती येथील रेणुका-यल्लमा देवीचे भक्त महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत लाखोंच्या संख्येने आहेत. सांगली जिल्ह्यातील जत येथेही यल्लमा देवीची मोठी यात्रा भरते. ही भक्ती आणि मुलगी देवीला सोडण्याची प्रथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या हिंदू बंधुभगिनींच्या श्रद्धेवर टीका करणे हा या लेखाचा हेतू नाही.

मुलगी देवीला सोडण्याची कारणे बहुधा ठरलेली असत. घरात मूल जगत नाही, मुलगा होत नाही, कोणाला त्वचारोग झाला आहे, अशा वेळी नवस बोलला जाई. मुलीच्या केसांत गुंता होऊन जट झाली तर ते देवीचे बोलावणे मानले जाई. ज्या घरात मुलगा नसे तेथे देवीला सोडलेली मुलगी मुलाच्या जागी आईबापांना सांभाळी, हाही एक व्यवहार त्यामागे असे. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे ‘दर्शन’ बांधले की ती मुलगी जोगतीण झाली. परडी घेऊन जोगवा मागणे हे तिचे काम ठरे आणि कोणा पुरुषाशी रीतसर विवाह करण्याचा मार्ग तिच्यासाठी बंद होई. वयात आल्यावर गावातील एखादा धनिक तिला ठेवी. या संबंधाला ‘झुलवा’ असे नाव होते. मुले झाली तरी त्यांना बापाचे नाव मिळत नसे. पुरुषाने पाठ फिरवली की पुण्या-मुंबईच्या वेश्यावस्तीचा रस्ता अनेकींच्या नशिबी येई. सर्वच जोगतिणी त्या वाटेने गेल्या असे नाही, परंतु गेलेल्यांची संख्या लहान नव्हती.

सोडल्या जाणाऱ्या मुली बहुसंख्येने दलित आणि अत्यंत गरीब घरांतील असत. म्हणजे नवस एकाचा, लाभ दुसऱ्याचा आणि त्याची किंमत मोजणारी तिसरीच, ती देखील अजाण बालिका, असा हा प्रकार होता.

आतून झालेला विरोध

या प्रथेविरुद्धचा लढा प्रामुख्याने याच मातीतल्या समाजसुधारकांनी लढवला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठवला. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली या प्रथेला कायद्याने आळा घातला. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. मुलगी देवाला सोडणे बेकायदेशीर असून अशा स्त्रीने केलेला विवाह वैध आहे, असे त्याने स्पष्ट केले. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली आपापले कायदे केले. १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली आणि या स्त्रिया स्वतःच्या प्रश्नांवर स्वतः बोलू लागल्या.

सातारा जिल्ह्याचा या कार्याशी वेगळा संबंध आहे. ‘झुलवा’ ही जोगतिणींच्या जीवनावरील कादंबरी लिहिणारे उत्तम बंडू तुपे सातारा जिल्ह्यातले होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा जन्म सातारचा. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण सांगलीला आणि वैद्यकीय शिक्षण मिरजेला झाले. सातारा येथे वैद्यकीय व्यवसाय केल्यानंतर त्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे त्यांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच अध्यादेशाच्या रूपाने आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळाच्या संमतीने अस्तित्वात आला. अलौकिक शक्तीचा दावा करून भाविकांना फसवणे, भीती घालणे, त्यांचे लैंगिक शोषण करणे हे त्या कायद्याने गुन्हे आहेत आणि त्यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. हा कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. ख्रिस्ती नावाने चालणाऱ्या एखाद्या बंदिस्त प्रार्थनागटात असे प्रकार घडले तर तेथेही तो लागू होतो.

सुटकेनंतर उरते ते काय?

गळ्यातले दर्शन काढून ठेवायला एक क्षण पुरतो. त्यानंतर जे उरते ते सुटायला वर्षे लागतात. या उरलेल्या बंधनांचा आपण एकेक करून विचार करू.

पहिले बंधन भीतीचे. लहानपणापासून मनावर बिंबवलेले असते की देवीची सेवा सोडली तर तिचा कोप होईल. मग प्रथा सोडल्यानंतर मूल आजारी पडले, घराची भिंत कोसळली, म्हैस दगावली, की प्रत्येक आपत्ती त्या कोपाचाच पुरावा वाटू लागते. शेजारीपाजारीही तसेच बोलून दाखवतात. जटेचे उदाहरण घ्या. केस न विंचरल्याने व न धुतल्याने त्यांत मळ, तेल व भंडारा साचून गुंता घट्ट होत जातो, हे जटेचे साधे कारण आहे. तिच्या वजनाने मान दुखते, डोक्यात उवा व जखमा होतात. ती कापण्यास काही मिनिटे लागतात. तरीही अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आधी त्या स्त्रीच्या घरी पुनःपुन्हा जातात, तिच्या सासू-नवऱ्याशी किंवा भावांशी बोलतात, तिची स्वतःची संमती मिळेपर्यंत थांबतात आणि जट काढल्यानंतरही तिची विचारपूस करीत राहतात. कात्रीचे काम थोडे आणि धीर देण्याचे काम फार, असा हा अनुभव आहे. त्यातून आपण शिकण्यासारखे बरेच आहे.

दुसरे बंधन पोटाचे. जोगवा हे उत्पन्नाचे साधन होते. ते सोडले की हातात काय उरते? शिक्षण नाही, जमीन नाही, शिवणकामाचे यंत्र दिले तर शिवण्यासाठी कपडे आणून देणारे ओळखीचे कोणी नाही. महाराष्ट्र शासनाच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत देवदासींचा समावेश आहे. परंतु त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वयाचा पुरावा ही कागदपत्रे लागतात. ज्या स्त्रीचे आयुष्य गावोगाव भटकण्यात किंवा वेश्यावस्तीतील भाड्याच्या खोलीत गेले, तिच्याकडे नेमके हेच कागद नसतात. वेश्याव्यवसायातील स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्यासाठी अडवून न ठेवता शिधापत्रिका व मतदार ओळखपत्र देण्यात यावे, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिले. मे २०२२ मध्ये आधार कार्डाबाबतही तसेच निर्देश दिले. ही माहिती तहसील कार्यालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या स्त्रीपर्यंत कोणीतरी पोहोचवावी लागते.

तिसरे बंधन नावाचे. शाळेच्या अर्जात वडिलांचे नाव काय लिहायचे, हा प्रश्न या भगिनींच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या छळत आला. या बाबतीत एका ख्रिस्ती मातेने न्यायालयात दिलेला लढा उपयोगी पडला आहे. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की अविवाहित मातेला आपल्या अपत्याच्या पालकत्वासाठी पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, आणि प्रतिज्ञापत्राच्या आधारे अशा अपत्याचा जन्मदाखला दिला गेला पाहिजे. महाराष्ट्र शासनानेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे बंधनकारक केले आहे.

चौथे बंधन शरीराचे. ज्यांना एच.आय.व्ही.ची बाधा झाली, त्यांना औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. ही औषधे सरकारी केंद्रांत २००४ सालापासून मोफत मिळू लागली आणि बाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यास २०१७ सालच्या कायद्याने मनाई केली. आजार आटोक्यात राहतो, परंतु शेजारणीने दिलेला चहाचा वेगळा कप मनाला लागून राहतो.

पाचवे बंधन नात्यांचे, आणि ते सर्वांत नाजूक. ज्यांनी तिला देवीला सोडले ते तिचेच आईवडील असतात. त्यांच्यावर ती रागावते आणि त्यांनाच पोसते. दुसरीकडे, इतर जोगतिणी हेच तिचे खरे गणगोत झालेले असते. प्रथेतून बाहेर पडणे म्हणजे अनेकदा या मैत्रिणींपासूनही तुटणे होय. कोणत्याही बंदिस्त व शोषक पंथातून बाहेर पडणाऱ्याला हा एकटेपणा सोसावा लागतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत : आधी सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण व शोक आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. आपण बहुधा पहिला टप्पा पुरा होण्याआधीच दुसऱ्याची घाई करतो आणि काय घडले ते सांग, असा आग्रह धरतो.

सांगलीचा धडा

सांगलीत १९९२ साली ‘संग्राम’ या संस्थेचे काम सुरू झाले आणि १९९६ साली वेश्याव्यवसायातील स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. तिच्यात देवदासी भगिनीही मोठ्या संख्येने होत्या. या स्त्रियांनी एक मुद्दा ठामपणे मांडला : पोलिसांच्या गाडीत घालून आम्हाला सुधारगृहात नेणे म्हणजे सुटका नव्हे, आमच्याविषयीचा निर्णय आम्हाला विचारून घ्या. वेश्याव्यवसायाविषयी या संघटनेची जी भूमिका आहे ती ख्रिस्तसभेची नाही. मानवी देहाचा व्यापार हा मानवी प्रतिष्ठेचा भंग आहे, असेच आपण मानतो. तरीही प्रौढ स्त्रीला विचारल्याशिवाय तिचे भले करता येत नाही, हा त्यांचा मुद्दा आपण नम्रपणे स्वीकारला पाहिजे. ज्या प्रौढ स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध संरक्षणगृहांत ठेवले आहे त्यांच्या प्रकरणांचा फेरविचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली सांगितले.

व्रताविषयी ख्रिस्तसभेची शिकवण

आपणही नवस करतो. आपल्यामध्येही व्रतस्थ जीवन स्वीकारणाऱ्या भगिनी आहेत. मग या दोहोंत फरक कोणता, असे कोणी विचारले तर आपल्याला नेमके उत्तर देता आले पाहिजे.

ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील कॅनन ११९३ नुसार व्रत हे स्वभावतःच केवळ व्रत घेणाऱ्या व्यक्तीवर बंधनकारक असते. म्हणजे आईने बोललेला नवस मुलीला आपल्या आयुष्याने फेडायला लावता येत नाही. कॅनन ११९१ नुसार गंभीर व अन्यायकारक भीतीपोटी किंवा कपटाने घ्यावयास लावलेले व्रत मुळातच रद्दबातल असते. व्रतस्थ जीवनासाठी कॅनन ६४३ प्रमाणे सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नवदीक्षितवर्गात प्रवेश नाही, आणि कॅनन ६५८ प्रमाणे एकवीस वर्षांपूर्वी आजीवन व्रतबद्धता नाही.

हे शहाणपण ख्रिस्तसभेलाही एका दिवसात आले नाही. प्राचीन काळी आईवडील आपल्या लहान मुलांना मठात अर्पण करीत असत. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ती चाल पुढे मागे पडली. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली कोणा स्त्रीला सक्तीने मठात घालणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा सांगितली. दुसऱ्याच्या घरातील अंधार दाखवताना आपल्या घराचा हा इतिहास आपण विसरता कामा नये. आपल्याच काळात, धर्मसेवकांनी केलेल्या शोषणाच्या तक्रारी कशा हाताळाव्यात यासाठी पोप फ्रान्सिस यांना २०१९ साली जगभरच्या धर्मप्रांतांना स्वतंत्र नियम घालून द्यावे लागले. श्रद्धेच्या नावाने मिळणारी सत्ता कोठेही बिघडू शकते.

गरसेकरांच्या प्रदेशातील माणूस

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय या संदर्भात पुन्हा वाचावा, असे आम्ही सुचवतो. थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा, स्वतःला दगडांनी ठेचणारा एक माणूस प्रभू येशूच्या शब्दाने मुक्त होतो. गावकरी येतात तेव्हा तो कपडे घालून शुद्धीवर बसलेला असतो. गावकऱ्यांना आनंद होत नाही, ते घाबरतात. डुकरांचा कळप बुडाल्याने त्यांचे नुकसान झालेले असते. ते येशूलाच निघून जाण्याची विनंती करतात. एक माणूस मुक्त झाला की ज्यांचा व्यवहार त्याच्या बंधनावर किंवा त्याच्याविषयीच्या उदासीनतेवर चाललेला असतो ते अस्वस्थ होतात, हे आजही खरे आहे.

त्यापुढील प्रसंग अधिक विचार करण्यासारखा आहे. तो माणूस येशूबरोबर जाण्याची परवानगी मागतो आणि येशू ती देत नाही. तो त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवतो. आपण मुक्त केलेल्या माणसाला प्रभूने आपल्या पाठीशी बांधून ठेवले नाही. त्याला त्याचे घर, त्याचे गाव आणि त्याचे नाव परत मिळावे ही प्रभूची इच्छा होती. याच अध्यायाच्या शेवटी याईरच्या बारा वर्षांच्या मुलीला उठवल्यानंतर प्रभू आईवडिलांना सांगतो की तिला काहीतरी खायला द्या. चमत्कारानंतरही भाकरीची गरज असते, याचे भान प्रभूला होते.

या प्रसंगांचा आमच्या विषयाशी असलेला संबंध थोडक्यात असा : सुटका म्हणजे मालक बदलणे नव्हे. एका भीतीतून बाहेर पडलेल्या भगिनीला आपण उपकारांच्या ओझ्याखाली पुन्हा परावलंबी केले, तर तिच्या गळ्यातले दर्शन उतरले तरी मान मोकळी झाली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ‘अ‍ॅड जेन्टेस’ या धर्मकार्यविषयक आदेशात सक्तीने किंवा आमिषाने कोणाला श्रद्धा स्वीकारायला लावण्यास स्पष्ट मनाई केली आहे. तिला शिधा देताना तिच्या धर्मांतराची अपेक्षा ठेवणे हे आपल्या श्रद्धेलाच शोभणारे नाही. तिने आपणहून ख्रिस्ताविषयी विचारले तर आपण आनंदाने आणि निःसंकोचपणे सांगावे. उत्तर देण्याची घाई तिच्यावर लादू नये.

आपण काय करू शकतो?

धर्मग्रामाच्या पातळीवर करता येण्याजोग्या काही साध्या गोष्टी येथे नमूद करीत आहोत.

ज्यांना लिहिता-वाचता येते अशा आपल्या सेवानिवृत्त भाविकांनी महिन्यातून एक दिवस अशा भगिनींबरोबर तहसील कार्यालयात जावे. दाखला मिळवून देणे हे देखील दयेचे कार्य आहे.

आपल्या शाळांनी प्रवेशाच्या वेळी पित्याचे नाव विचारताना आईला सर्वांसमोर खाली मान घालावी लागणार नाही अशी व्यवस्था करावी. स्नानसंस्काराच्या नोंदीबाबत कॅनन ८७७ मध्ये अविवाहित मातेच्या अपत्याची तरतूद आहेच. मातृत्व सर्वज्ञात असल्यास, किंवा मातेने लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर स्वतः तशी इच्छा व्यक्त केल्यास तिचे नाव नोंदवले जाते. अशा मातेला कार्यालयाच्या दारातून परत पाठवण्याचे कारण नाही.

महिला मंडळांनी या भगिनींना साक्ष देण्यासाठी व्यासपीठावर बोलावण्याची घाई करू नये. आपल्या भूतकाळाविषयी बोलावे की नाही, कोणाजवळ बोलावे आणि किती बोलावे, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे. त्यांची छायाचित्रे अहवालांत छापू नयेत.

कोठे आजही एखाद्या बालिकेला देवीला सोडण्याची तयारी चालल्याचे कळले तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा ११२ वर कळवावे. संकटातील स्त्रियांसाठी १८१ हा क्रमांक आहे, आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ या क्रमांकावर शासनाची मोफत ‘टेलिमानस’ सेवा आहे.

शेवटी, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते असोत, शासकीय अधिकारी असोत किंवा अन्य धर्मांतील समाजसेवक असोत, या कार्यात जे आपल्या आधीपासून आहेत त्यांच्याबरोबर आपण काम करावे. त्यांच्यापैकी काहींचा देवावर विश्वास नसेल. तरीही जटेच्या ओझ्याने वाकलेली मान सरळ व्हावी यासाठी ते घरोघर फिरले आहेत.

रविवारच्या मिस्साबलिदानातील विश्वासूंच्या प्रार्थनेत आपण या भगिनींची आठवण करू या. त्यांना त्यांचे घर, त्यांचे नाव आणि कष्टाची भाकरी मिळो, आणि त्या मिळवून देण्यात आपलाही हात लागो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.